पान एक्केचाळीस

"आज शनिवार. आज नाय," नथानियलकाका म्हणाले आणि त्यांनी हात मांडीवर तसेच ठेवले.

अनिताने पुढे केलेला कागद परत पिशवीत घातला. पेणहून रोह्यापर्यंत एसटीच्या मागच्या बाकावर आदळत ती आली होती. कागदावर चारच ओळी होत्या. काकांच्या आजोबांची वही बघायला आणि तिच्यातला मजकूर छापायला परवानगी, खाली सही. एवढंच. शनिवार तर तिचाही होता. मारुतीचा उपास, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. म्हणून तिने कुठलं काम टाकलं होतं?

"काका, महिनाअखेर पुस्तक छापायला जातंय."

"व्हय. पण आज नाय. पन्हं घे थोडं."

तिने पन्हं घेतलं नाही.

पुस्तक पुंडलिक मास्तरांचं, तिच्या माहेरच्या गावाचा इतिहास. शंभर वर्षांपूर्वी खाडीकाठच्या त्या गावाने खोताच्या कोठारापुढे ठाण मांडलं होतं आणि भाताचा वाटा द्यायचा नाकारला होता. मामलेदाराने दोन पुढाऱ्यांना धरलं. एक काळुराम, अनिताचे पणजोबा. दुसरे तेलाचा घाणा चालवणारे ज्यू गृहस्थ मोझेस, नथानियलकाकांचे आजोबा. माफी लिहून द्या, नाहीतर सहा महिने तुरुंग.

पान एक्केचाळीसवर मास्तरांनी लिहिलं होतं, 'काळुरामांनी माफीपत्रावर अंगठा उमटवून घर गाठले. मोझेस मात्र डगमगले नाहीत.'

गावाला हे पुस्तकाआधीच पाठ होतं. अनिताच्या माहेरच्या घराला आजही माफीवाले म्हणतात. आता चावडीसमोर मोझेसच्या नावाचा दगड बसायचा होता. त्याच्या पायाभरणीत प्रत्येक घराने एक पाटी माती टाकायची ठरली. भाऊ सखा पाटी घेऊन गेला, तर कुणीतरी हसत म्हणालं, तुझी राहू दे रे, तुमची माती ढासळते. सखाने पाटी तिथेच पालथी केली. त्यानंतर तो गावकीच्या बैठकीला गेला नाही.

अनिता-सखाचे वडील सांगायचे, दोन शिपायांनी काळुरामचा हात धरला आणि अंगठा जबरदस्तीने टेकवला. अनिताने ते लहानपणापासून ऐकलं होतं. मास्तरांनाही तिने तेच सांगितलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "लोक सांगतात ते मी छापत नाय, अनिता. कागद आण, ओळ बदलतो."

कागद एकच होता. मोझेसची वही.

पुढच्या बुधवारी तिने कारखान्यातून रजा काढली. गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायचं काम तिचं. सीझनच्या तोंडावर रजा मागितली म्हणून मालकाचं तोंड वाकडं झालं. रोह्याला पोचली तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, काका ठाण्याला मुलीकडे, शीराकडे गेले. कधी येतील ते माहीत नाही. फोन बंद. अनिता पायरीवर तासभर बसली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी शेजारी बसून रंग घोटणाऱ्या हौसाने तिचा चेहरा बघूनच ओळखलं.

"अगो, तो वही देईल कशाला? त्याच्या आजाचा दगड बसतोय. तू सांगतेस, बाजूला माझा आजा पण बसव."

"बसव कोण म्हणतंय? नुसती ती ओळ काढा म्हणते."

"एक ओळ काढली की दुसरी हलते गो," हौसा म्हणाली आणि गालात हसली.

अनिताची कुंचली सरकली. डोळा पुसून पुन्हा काढावा लागला. आजवर तिचा डोळा कधी चुकला नव्हता. हौसा म्हणते तेच खरं, असं तिला वाटलं. म्हातारा टोलवतो आहे. महिना संपेल, पुस्तक निघेल, आणि ती ओळ सखाच्या नातवंडांनाही वाचावी लागेल.

तरीही सोमवारी ती गेली. या वेळी भांडायच्या तयारीने.

नथानियलकाका वाटच बघत होते. समोर फडक्यात बांधलेली वही होती. तिने तोंड उघडायच्या आत त्यांनी कागद मागून घेतला.

"दगड लागला?"

"लागला. नाव कोरून झालं. परवा पडदा तुम्हीच ओढायचा हाय म्हणे."

"व्हय, तसं कळवलंय मला." मग त्यांनी सावकाश सही केली, खाली तारीख घातली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो घडी घालून पिशवीत ठेवला.

"माझे वडील म्हणायचे, ही वही घराबाहेर काढू नको," काका म्हणाले. "शीराला ठाण्यात विचारून आलो. ती म्हणाली, द्या. वाच. मोठ्याने वाच, मला अक्षर दिसत नाय आता."

खुणेचा दोरा होता तिथे तिने वही उघडली. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर बाळबोध, सुबक.

"'आम्हां दोघांस मामलेदारांनी कचेरीत उभे केले. घरी लेकरे उपाशी. काळुराम व मी वाटेतच ठरविले होते की, माफी द्यावी व सुटावे. त्याने अंगठा दिला.'"

अनिता थांबली. हात कुणी धरला नव्हता. शिपायांचं नावही नव्हतं. इतक्या खेपा घातल्या त्या ह्याच्यासाठी. तिने वही मिटायला घेतली.

"पुढे वाच," काका म्हणाले.

"'मीही देणारच होतो. परंतु वार शनिवार, आमचा शब्बाथ, काम वर्ज्य. लेखणी धरणे नाही, अंगठाही नाही. आकाशात तारे दिसून शब्बाथ सुटताच सही करतो, असे दोनदा हात जोडून विनविले. साहेबांनी ऐकले नाही, तुरुंगात धाडले. त्यांची जेवणाची वेळ टळत होती.'"