वापरात: एक

"वापरात: एक." स्क्रीनवर पुन्हा तेच. रुग्णालयाचा सर्व्हर बंद न करता त्याच्या कर्नलमधून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातून, मला रुग्णांचे जुने मॉनिटर चालवणारं मॉड्यूल, तेवढा प्रोग्रॅमचा तुकडा, काढायचं होतं, पण कुठलं तरी एक यंत्र ते सोडत नव्हतं.

"अगं, जुने सगळे भंगारात गेलेत. फोर्स मार, जबरदस्तीनं काढ आणि मोकळी हो," साहेब फोनवर वैतागले. मी एंटरवर बोट ठेवलं आणि उचललं. कर्नल उगाच एक म्हणत नाही. मी जिना चढले.

तीन मजले पालथे घातले. खाटेखाटेशी नवाच मॉनिटर होता आणि खिशात फोन वाजतच होता. शेवटच्या खोलीत, एका आजोबांच्या उशाशी, 'भंगार' अशी चिठ्ठी लावलेला जुना मॉनिटर चालू होता.

"नवे पुरले नाहीत, म्हणून गोदामातून हाच आणला," सिस्टर ओशाळल्या. "ठोके चुकले की आमच्या टेबलावर घंटा वाजते, तेवढं बास."

ती घंटा त्या मॉड्यूलमधूनच वाजणार होती.

आजोबांनी डोळे उघडले. "माझ्यामुळे काम अडलंय का, पोरी?"

"अडू दे की," मी म्हणाले आणि मघाशी एंटरवर ठेवलेल्या बोटानं चिठ्ठी खरवडू लागले.