कुरकुरती दांडी

विमान धावपट्टीच्या तोंडाशी आलं आणि दांडी पुन्हा डावीकडे अडकली. मिस्त्रींनी ती ढकलली, ओढली, शेवटी एक शिवी हासडली. दांडी नुसती कुर्र करून गप्प बसली, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं विमान शेजारच्या शेतात जाऊन आपटलं.

"गेले का सगळे प्रवासी?" बायकोने वाटाणे सोलता सोलता विचारलं.

"तुला चेष्टा सुचतेय."

"चेष्टा कसली? कालपासून हे तिसरं. टाका ते खेळणं भंगारात."

खेळणं! मिस्त्रींच्या जिवाला लागलं. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. अख्ख्या गावाला वर पोचवलं, पण स्वतः विमानात एकदाही बसले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी मिळून ही जॉयस्टिक दिली होती. "आता तुम्हीही वर जा, मिस्त्री," असं कुणीतरी म्हणालं आणि मग जीभ चावली.

वर जाता जाताच वाचले होते खरं तर. सात महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र रुसून बसला. व्यायाम करून घ्यायला एक ताई रोज घरी यायच्या, रबरी चेंडू दाबायला लावायच्या. दहाव्या दिवशी मिस्त्रींनी तो चेंडू डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय रांगतं पोर आहे? उद्यापासून येऊ नका." ताई गेल्या. बायको त्यांना जिन्यापर्यंत सोडून आली. तेव्हापासून जेवण्यापासून विमान उडवण्यापर्यंत सगळा कारभार डाव्या हाताकडे आला.

घरानेही जणू त्यांच्याबरोबरच अंथरूण धरलं होतं. आधी कपाटाची मूठ निखळली, मग रेडिओचं बटण सैल झालं, गेल्या आठवड्यात टेबलावरच्या दिव्याने मान टाकली. दर वेळी बायको म्हणायची, "कुणाला तरी बोलावते," आणि दर वेळी मिस्त्री भडकून स्वतःच दुरुस्तीला बसायचे.

आताही ती म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात तो कॉम्प्युटरवाला आहे. फोन लावू?"

"का? मी मेलोय? बारीक स्क्रूड्रायव्हर दे इकडे."

जॉयस्टिक उलटी केली. बुडाला चार स्क्रू, खोल खड्ड्यांत बसलेले. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर डाव्या हातात घेतला. तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला, आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढरा ओरखडा उठला. डाव्या हाताला ताकद होती, अक्कल नव्हती. उजव्याला चौतीस वर्षांची अक्कल होती, ताकद नव्हती.

"मी फिरवू?" बायकोने विचारलं.

"तू फक्त धरून ठेव. हलू देऊ नकोस."

त्यांनी डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीभोवती गुंडाळली. मग मनगटाला विनवलं. पाव आटा फिरला. श्वास घेतला. आणखी पाव. कपाळावर घाम आला, दात आवळले गेले. मध्येच स्क्रूड्रायव्हर सुटून टेबलाखाली गडगडला.

"उचल ना."

"माझी कंबर धरलीय," बायको म्हणाली आणि जॉयस्टिक दोन्ही हातांनी धरून बसून राहिली.

मिस्त्री पुटपुटत वाकले, चाचपडत तो उचलून वर आले. पहिल्या स्क्रूला दहा मिनिटं गेली, दुसऱ्याला सात. तिसऱ्याच्या वेळी बोटं गुंडाळावी लागली नाहीत. चौथा कधी निघाला ते त्यांना कळलंही नाही, कारण तोवर ते दुरुस्तीत बुडाले होते.

झाकण निघालं. आत स्प्रिंग, वायरी आणि दांडी ज्यावर फिरते तो गोळा. गोळ्याभोवती काहीतरी तपकिरी, चिकट. मिस्त्रींनी बोट लावून हुंगलं.

"गोड वास येतोय गं."

"रविवारी नात आली होती ना. सरबत सांडलं असेल."

"तिला विमानतळाच्या आसपास फिरकू देऊ नकोस."

"बरं."

कापसाने सगळं पुसलं, कोपरे टोकदार काडीने साफ केले, गोळ्याला ग्रीसचं बोट लावलं. स्प्रिंग जागेवर, झाकण जागेवर, चारही स्क्रू जागेवर. दांडी फिरवून पाहिली. ना कुरकुर, ना अडकणं. लोण्यातून सुरी फिरावी तशी.

विमान उडालं. एक गिरकी घेऊन धावपट्टीसमोर आलं, जरा डगमगलं, आणि टेकलं. मिस्त्रींनी खाली पाहिलं. दांडी उजव्या मुठीत होती. बोटं थरथरत होती, पण सुटली नव्हती.

"उतरलं!" त्यांचा आवाज चिरकला. "सगळे सुखरूप! टाळ्या वाजवताहेत बघ!"

बायकोने तोंड फिरवून वाटाण्याची सालं गोळा केली. जरा जास्तच वेळ लावून. "हात धुवा आधी. ग्रीस लागलंय सगळीकडे."

मिस्त्री शीळ घालत न्हाणीघरात गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तशी तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

"ताई, आज चारही स्क्रू उजव्या हाताने! काढले आणि परत बसवलेसुद्धा." पलीकडचं बोलणं ऐकून ती हसली, आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "हो, हो. आता सांगा, उद्या काय बिघडवू?"