कोपऱ्यातले गवत

"त्या कोपऱ्यात यंत्र नको, वैनी." माळीकाम करणाऱ्या नागप्पाने गवत कापण्याच्या यंत्राची वायर बाजूला ओढली.

उरलेल्या लॉनवर यंत्र सुरळीत चालले होते. कुंपणालगतचा तेवढा तुकडा मात्र तो उकिडवे बसून कात्रीने कापी. तिथला पाचोळाही दाताळ्याने ओढत नसे, बोटांनी वेची.

"केस कापताय का गवत, मामा?" पायरीवरून सोनाली म्हणाली.

"लेकराचं केस असंच कापत्यात की."

तिचा नवरा युवराज बाहेर आला. "उद्या तिथे हौद खणायचाय. चार-चार दिवस नळाला पाणी नाही."

कात्री थांबली. "दुसरीकडं खणा, मालक."

"दुसरीकडे जागा कुठंय? तिथे काय पुरलंय का तुमचं?"

"व्हय."

युवराजचे हसू ओठांवरच राहिले.

नागप्पाने मग गवताकडे पाहतच सांगितले. शहराचा जुळे सोलापूर हा भाग इथवर पसरण्याआधी हे त्याचे रान होते. तापाने गेलेली धाकटी लेक शिवव्वा त्याने बांधाच्या कडेला ठेवली होती. त्यांच्यात मृताला मातीत बसवतात. पुढे रान विकले गेले, जमीन सपाट झाली, बांध मिटला.

"मग जागा कशी ओळखली?" सोनालीने विचारले.

"लॉन लावल्यावर सगळ्याच्या आदी हितलं गवत हिरवं झालं. बापाला कळतंय की."

हौद टळणार नव्हता. पण आधी शिवव्वाला उचलावे आणि अक्कलकोटकडच्या गावी, तिच्या आईच्या समाधीशेजारी ठेवावे, असे ठरले.

"माय वाट बगत आसंल," नागप्पा म्हणाला. "लई वर्सं एकलीच हाय ती."

सकाळी सोनालीने कोरे पांढरे वस्त्र आणून पायरीवर ठेवले. नागप्पाने गवताचा थर मुळांसकट सोडवून सावलीत नेला, त्यावर झारीने पाणी शिंपडले. मग कुणालाही हात लावू न देता तो आधी खुरप्याने, नंतर टिकावाने खणत गेला. प्रत्येक ढेकूळ तळव्यावर घेऊन हलकेच फोडत होता.

काळी माती गुडघ्याइतक्या खोलीवर संपली. तिच्याखाली मुरूम लागला, पिवळा, घट्ट, खड्ड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग. त्या जागी आजवर कुणी कधीच खणले नव्हते.