सातव्या प्रश्नाचं रेकॉर्डिंग

"माझ्या घरात आलेल्या चित्रावर जगातली कुठलीही कंपनी हक्क सांगू शकत नाही! ग्राहक हा राजा आहे!" टीव्हीसमोर उभं राहून काकांनी जाहीर केलं.

"राजेसाहेब, तुम्ही ठेवलेलं दूध उतू जातंय," गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकू म्हणाल्या.

राजेसाहेब गॅस बंद करून परत आले, तेव्हा कंपनीचा माणूस टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सकडे टक लावून बघत होता. काकांचा संशय आणखी बळावला. त्यांची हयात वजनमापे खात्यात गेलेली. कोणी नुसता नमस्कार केला, तरी तो पुरेपूर भरतोय ना, हे ते बघत. या माणसाने तर चपला बाहेर काढल्या होत्या, पाणी नको म्हटलं होतं आणि एकदाही आवाज चढवला नव्हता. इतका सज्जन माणूस घरातून काहीतरी न्यायलाच आलेला असतो.

तो न्यायलाच आला होता. जुना बॉक्स न्यायचा, नवा बसवायचा.

"आणि आतलं रेकॉर्डिंग?"

"ते जुन्याबरोबर जातं, काका. त्याची प्रत निघत नाही. कंपनीनं कुलूप घातलेलं असतं."

कुलूप काकांना ठाऊक होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह लावून पाहिला होता, भाच्याचा लॅपटॉप जोडून पाहिला होता. दर वेळी पडद्यावर तीच पाटी: या कार्यक्रमाची प्रत करता येणार नाही.

"मग बघाच, काय नेताय ते!" काकांनी रिमोट दाबला.

पडद्यावर प्रश्नमंजूषा सुरू झाली. खुर्चीत काकू बसलेल्या, तीन वर्षांपूर्वीच्या, ठेवणीतल्या कपड्यांत. पहिले सहा प्रश्न त्यांनी धडाधड सोडवले. ते काकांनी पळवले. सातव्याला रिमोटवरचं बोट उचललं. ऑक्टोपसला हृदयं किती?

"एक," पडद्यावरच्या काकू म्हणाल्या. प्रेक्षक खो खो हसले. काकूंचं तोंड उघडं राहिलं. नेमकं तिथेच काकांनी चित्र थांबवलं.

"तीन!" ते म्हणाले. "मला येत होतं."

हे दूधवाल्याने पाहिलं होतं, डॉक्टरांनी पाहिलं होतं, नळ दुरुस्त करणाऱ्याने ओल्या हातांनी उभ्या उभ्या पाहिलं होतं. व्याह्यांनी दोनदा. बायकोचं इतकं कौतुक असलेला नवरा अख्ख्या गल्लीत दुसरा नाही, याबद्दल काकांचं एकमत होतं.

"माझ्याच बायकोची प्रत मला मिळू नये म्हणजे काय! आणि बॉक्स बदला म्हणून तुम्हाला सांगितलं कोणी?"

"ग्राहकाचीच विनंती आहे. ग्राहकाच्या मोबाईलवर आत्ता ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

सापडला चोर! "ग्राहक मी. मी विनंती केलेली नाही. आणि ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, एवढं कळतं मला." तरी खात्री करायला काकांनी मोबाईल काढला. काहीच आलेलं नव्हतं. "बघा! ओटीपीसुद्धा बनावट!" आणि दोन्ही हात पसरून ते बॉक्सला पाठ लावून उभे राहिले.

"चार, सात, शून्य, दोन," गॅलरीतून आवाज आला.

काकू आत आल्या. हातात मोबाईल, खांद्यावर ओला टॉवेल.

"कनेक्शन माझ्या नावावर आहे," त्या कंपनीच्या माणसाला म्हणाल्या. "न्या तुम्ही तो बॉक्स. तीन वर्षं यांनी मला तिथं तोंड उघडं ठेवून बसवलंय."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. पसरलेले हात खाली घ्यायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"अहो," काकू म्हणाल्या, "जरा पाय उचलता? वायर अडकलीय."