युवराजचे डोळे

"काय असेल ते तोंडावर सांगा, डॉक्टरबाई," काका म्हणाले आणि मुलगी दाखवायला आणावी तशा हलक्या हाताने त्यांनी युवराजला टेबलावर बसवलं.

डॉक्टरबाईंनी खोलीतला दिवा मालवला. कुत्र्यांच्या डोळ्यांत डोकावण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. युवराजचे आईबाप, महाराणी आणि सुभेदार, दोघांनाही त्यांनीच तपासलं होतं. दोघं अस्सल जातिवंत आणि दोघंही भर तारुण्यात आंधळे. डोळ्यांमागचा पडदा हळूहळू विझत जायचा. आधी संध्याकाळचं दिसेनासं व्हायचं, मग भर दुपारचंही. घराण्याचा रोग. आजीलाही तोच.

"आजी दारावर आपटायची," काका म्हणाले. "महाराणीला तर मी अजून कडेवर घेऊन अंगणात नेतो. पण रक्त कसं? सात पिढ्यांत थेंबभर भेसळ नाही!"

"रक्ताचं कौतुक पुरे हो," शेजारी उभ्या काकू म्हणाल्या. "त्यांना डोळे बघू द्या."

"ह्याचा डावा कान पडलाय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. या जातीचे कान कसे भाल्यासारखे उभे असतात.

"झोपताना चेपला."

"आणि शेपूट?"

"आजोबांवर गेलीय."

काकूंनी पर्सची चेन उघडली आणि काही न काढताच लावली.

डॉक्टरबाईंनी उजवा डोळा पाहिला, डावा पाहिला, पुन्हा उजवा पाहिला. पडदा लख्ख! आधीच घेतलेल्या रक्ताची तपासणीही तेच सांगत होती. आईकडून रोग आला होता, पण बापाकडून आलेली बाजू निखळ होती, आणि तेवढी नजर राखायला पुरेशी होती. इथेच तर गंमत होती. या रोगाचा कायदा मोठा कडक. आईबाप दोघंही आंधळे असले, तर डोळस पिल्लू निपजतच नाही. चांगलं द्यायला दोघांच्याही गाठीला काही नसतं. मग हे चांगलं आलं कुठून?

"काका, युवराज आंधळा होणार नाही. कधीच नाही."

काकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग युवराजला उचलून म्हणाले, "जरा अंगणात पळवून आणतो लेकाला."

दार लागलं. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "काकू, सुभेदार ह्याचा बाप नाही."

"ठाऊक आहे मला. गल्लीतला तांबडा. महाराणीच्या त्या दिवसांत आमच्या अंगणातून निघताना पाहिला मेल्याला. आत कसा शिरला, देव जाणे! पण ह्यांना सांगू नका हो. आमच्या कुत्र्यांना कुणी 'गावठी' म्हटलं, तर हे जेवण टाकतात. माझ्या भावानं एकदा थट्टेत म्हटलं, तेव्हापासून अबोला आहे. हे कळलं तर अंथरूण धरतील."

"नाही सांगत. पण ह्याची पिल्लं जातिवंत म्हणून कुणाच्या गळ्यात मारायची नाहीत."

"ते माझ्याकडे लागलं."

काकू औषधांच्या खिडकीपाशी थांबल्या आणि डॉक्टरबाई अंगणात आल्या. युवराज सावलीत पडलेला चेंडू अचूक टिपून आणत होता. काका त्याच्यामागे पोरासारखे धावत होते.

"गुणी आहे हो," डॉक्टरबाई जड जिभेनं म्हणाल्या. "घराण्याचं नाव राखलंन."

काकांनी आधी खिडकीकडे नजर टाकली. काकूंची पाठ होती. मग ते अगदी जवळ आले.

"बाई, खोटं बोलायची सवय दिसत नाही तुम्हाला. तुमच्या लक्षात आलंय सगळं. फक्त हिला कळू देऊ नका, कुळाबिळाचा भारी अभिमान आहे तिला. बिस्किटं दाखवून त्या तांबड्याला मीच आत घेतला होता."