सुवार्ताबाईंची साक्ष

सुवार्ता रणपिसे कोर्टाच्या स्वच्छतागृहातून तोंड पुसत बाहेर आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तोही आता उलटून पडला होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पोपट होता. खराडीतल्या ज्या इमारतीसमोर ते घडलं, तिथला वॉचमन. दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती. रस्ता झाडणाऱ्या ललिताला एका मोटारीने उडवलं. चालवणारा तरुण खाली उतरला, पडलेल्या ललिताकडे त्याने पाहिलं आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसून निघून गेला. त्याचं नाव रविराज. एका बड्या बिल्डरचा मुलगा. पोलिसांपुढे मात्र त्याचा ड्रायव्हर उभा राहिला आणि म्हणाला, गाडी मीच चालवत होतो.

"ताई, मी तर सांगणार, मला काही दिसलंच न्हाई," पोपट हळूच म्हणाला. "पोराबाळांचा माणूस हाय मी. तुम्हीबी तसंच सांगा. गेलेली बाई काय परत येणार हाय का?"

सुवार्तालाही दोन मुली होत्या. ती शिकवते त्या बालवाडीच्या फाटकाशी मागे एक अनोळखी माणूस येऊन गेला होता. त्याने धमकी दिली नाही. हसून तिच्या मुलींची नावं घेतली, त्यांची शाळा किती वाजता सुटते ते सांगितलं, आणि गेला. तेव्हापासून दाराची बेल वाजली की ती आधी खिडकीतून बघायची. लावलेली कडी ती पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. भाजी आणायलाही एकटी बाहेर पडेनाशी झाली होती.

रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर ती पाळकबाईंजवळ रडली होती. "रोज प्रार्थना करते, तरी भीती जात नाही. माझा विश्वासच कमी पडतोय."

"क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूलाही घाम फुटला होता, सुवार्ता," पाळकबाई म्हणाल्या होत्या. "त्याचा विश्वास कमी होता का?"

आता बाकावर तिने डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. 'प्रभू, भीती काढून घे असं आज मागत नाही. राहू दे ती. तू फक्त माझ्याबरोबर आत चल.'

शिपायाने तिचं नाव पुकारलं.

पिंजऱ्यात उभं राहून तिने शपथ घेतली. समोर ड्रायव्हरशेजारी रविराज बसला होता. पांढरा शर्ट, नीट भांग. तो तिच्याकडेच बघत होता. पहिल्या वाक्यालाच ती अडली. सरकारी वकील थांबले, पाणी मागवलं. मग एकेक प्रश्न आला आणि ती सांगत गेली. जे पाहिलं तेवढंच, जसं पाहिलं तसंच.

"गाडीतून उतरलेली व्यक्ती आज इथे हजर आहे?"

सुवार्ताने हात उचलला आणि रविराजकडे बोट केलं. ड्रायव्हरकडे नाही. रविराजकडे.

आरोपीचे वकील उलटतपासाला उठले. चष्मा सावकाश पुसत म्हणाले, "बाई, आपला हात बघा जरा. केवढा थरथरतोय! खात्री नसली की असं होतं."

"हात भीतीने थरथरतोय, साहेब," सुवार्ता म्हणाली. "खात्री नसती तर कशाला घाबरले असते?"

न्यायाधीशांनी मान वर केली.

"भीती कशाची वाटते तुम्हाला?"

तिने तेही सांगितलं. फाटकाशी आलेला माणूस, त्याचं हसणं, मुलींची नावं. आरोपीचे वकील हरकत घ्यायला उठले, न्यायाधीशांनी त्यांना हाताने खाली बसवलं. तिच्या घराला आणि मुलींच्या शाळेला आजपासून पोलीस संरक्षण द्यावं, असा आदेश त्यांनी तिथेच दिला. त्यानंतर उलटतपास लांबला, पण तिची साक्ष तसूभर हलली नाही.

ती पिंजऱ्यातून उतरली तेव्हा शेवटच्या रांगेत ललिताचा नवरा मच्छिंद्र उठून उभा राहिला. ती दारापर्यंत पोचेस्तोवर हात जोडून तसाच उभा होता.

बाहेर येऊन ती बाकावर अक्षरशः कोसळली. पोपट जवळ सरकला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"गेली मग भीती?"

"नाही हो, पोपटदादा. आहे तिथेच आहे."

"मग सांगितलंत कसं?"

"सोबत होती ना."

पोपटने बंद दाराकडे पाहिलं. "तुम्ही तर एकट्याच आत गेलात. मी इथंच होतो की."

सुवार्ताने थकून हसत गळ्यातल्या क्रुसाला हात लावला. इतक्यात दार उघडलं आणि शिपायाने पोपटचं नाव पुकारलं. पोपट उठला. दोन पावलं गेला आणि परत आला.

"ताई, मी काय तुमच्या चर्चातला न्हाई. पण माझ्यासाठीबी एक शब्द टाका त्याच्या कानावर."

"सकाळपासून टाकतेय," सुवार्ता म्हणाली.

पोपट आत गेला. दार लागलं. ती निघू शकली असती, पण बसून राहिली, डोळे मिटून. व्हरांड्यात वकिलांची ये-जा चालली होती, कुणी फायली घेऊन धावत होतं, कुणी फोनवर भांडत होतं. आणि मग त्या सगळ्या गलक्याच्या वर, बंद दाराआडून, पोपटचा आवाज आला. एवढा मोठा की चालणारी माणसं वळून बघू लागली.

"व्हय साहेब. मी तिथंच होतो."