टाकीची चावी

नवऱ्याच्या, इन्ताच्या, उशाशी प्राणवायूचं यंत्र किंचाळायला लागलं, तेव्हा चानफेंग चिकट भात वाफेवरून उतरवत होती. टोपली तिथंच टाकून ती धावली. भिंतीवर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता.

पाच दिवस डोंगर ढगात बुडालेला. गावची वीज पावसाळ्यात नसतेच. म्हणून तर लेकानं छपरावर सौरपत्रे, घरात बॅटऱ्या आणि अंगणात ती टाकी बसवली होती. उन्हाची उरलीसुरली वीज पाण्यातून हायड्रोजन काढायची, तो टाकीत साठायचा आणि ढगाळ दिवसांत त्याचीच पुन्हा वीज व्हायची.

चानफेंगला टाकीची धडकी भरे. आतल्या वायूला ना रंग, ना वास. न दिसणाऱ्यांपैकी तिचा भरवसा एका भूमिदेवावर, आणि त्याचं खांबावरचं छोटं घर नेमकं टाकीशेजारी. ते हलवायचं नसतं. "आई, उदबत्ती लावायची तर आधी टाकीची चावी बंद कर, नंतर उघड," असं बजावून लेक चिआंग माईला गेला. तिनं महिन्यापूर्वी बंद केली ती केलीच. दिवे तरीही जळत होते. "बॅटऱ्या पुरतात की! शहाणा माझा," ती लेकाच्या नावानं पुटपुटे.

आता इन्ताचे ओठ जांभळे पडले होते.

"अहो, डोळे मिटाल तर खबरदार! माझ्याआधी जायचं नाही, सांगून ठेवते!"

ती अंगणात पळाली. भूमिदेवापुढची उदबत्ती तिनं चिखलात खुपसून विझवली, डोळे गच्च मिटले आणि चावी फिरवली. आता फुटणार. आता फुटणार.

बारीकशी सुरसुर झाली. मग आतून प्राणवायूच्या यंत्राची घरघर ऐकू आली.

इन्ताच्या छातीवर हात ठेवून ती बराच वेळ बसली. जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती तिनं. "महिनाभर मीच बंद ठेवली होती ती," ती शेवटी म्हणाली.

"ठाऊक आहे," इन्ता धापा टाकत म्हणाला. "रोज तू अळंबी विकायला गेलीस की मी उघडायचो, बॅटऱ्या भरून घ्यायचो. तू घाबरतेस, म्हणून तू यायच्या आत पुन्हा बंद करायचो. आज पाय उठलेच नाहीत गं."